टेन्शनची चकती कोण फिरवतंय?

मराठी मंडळाच्या सभेत विनयने हात वर केला, तेव्हाच शर्मिष्ठाने कान टवकारायला हवे होते. पण ती शेजारच्या बाईंना लखनौमध्ये नाचणीचं पीठ कुठे मिळतं ते विचारत होती आणि तेवढ्यात ठराव पास झाला. पाडव्याच्या कार्यक्रमात मंडळातले पाच पुरुष नऊवारी नेसून मंगळागौरीचे खेळ खेळणार होते. नेसण्याचा घोळ नको म्हणून पायजम्यासारख्या चढवता येतील अशा नऊवाऱ्या शिवून द्यायच्या होत्या, आणि त्या देणार होती विनयची बायको.

"अरे, मला विचारायचंस तरी!" परत येताना ती कडाडली.

"तू सोफ्याची कव्हरं शिवलीस ना," विनय म्हणाला. "हर्षवर्धन साधारण तेवढाच आहे."

हर्षवर्धन सोमण रेल्वेत इंजिनीअर होता आणि देहाने खरोखरच सोफ्याच्या जवळपास जाणारा होता. शर्मिष्ठाने कपाळाला हात लावला. पण मुळात तिला शिवणाची आवड, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून परस्पर अमीनाबादचा बाजार गाठून ती भडक काठांच्या पाच साड्या घेऊन आली.

खिडकीपाशी मशीन मांडून तिने पहिली शिवण घातली. वरून टाके अगदी सुबक. कापड उलटून बघते तर खालच्या बाजूला दोऱ्याच्या नुसत्या शेवया! एक टोक ओढलं तर अख्खी शिवण सर्रकन उसवून हातात आली.

खाली गुंता आहे म्हणजे दोष खालीच असणार, असं समजून तिने खालच्या दोऱ्याची बॉबिन काढली, पुसली, पुन्हा भरली. शेवया तशाच. मग सुई बदलली, दोरा बदलला. शेवया कायम. आता उरली ती मशीनच्या पुढ्यातली टेन्शनची चकती. शून्यापासून नऊपर्यंत आकडे, आकडा चढवला की वरचा दोरा घट्ट होणार. तिने चकती चारवर ठेवली आणि स्वयंपाकाला गेली. परत येऊन शिवायला बसते तर चकती आठवर!

"मीच केली असेल," असं म्हणून तिने ती पुन्हा चारवर आणली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आली तेव्हा चकती होती एकवर. आता कुठल्या आकड्याला काय होतं हे ठरवायचं तरी कसं? जेवताना तिने विषय काढला, तर सासूबाई, माणिकताई, मायेने म्हणाल्या, "अगं, टेन्शन घेऊ नकोस."

"आई, मी मशीनच्या टेन्शनबद्दल बोलतेय."

"कुठलंही असो, घेऊ नये."

शर्मिष्ठाने आपली लाल टिकली चकतीवर, बरोबर वरच्या बाजूला येईल अशी चिकटवली. संध्याकाळी टिकली जमिनीकडे बघत होती. म्हणजे आपल्या डोक्यात बिघाड नाही, घरात कोणीतरी चोर आहे.

शनिवारी तिने पिशवी उचलली, "निशातगंजला सब्जी घेऊन येते गं पूर्वा," असं मुलीला मोठ्याने सांगितलं, दार धाडकन लावलं आणि आतल्या आत मांजराच्या पावलांनी जाऊन बाल्कनीच्या पडद्यामागे उभी राहिली.

आधी आला विनय. बँकेत ऑडिटला असल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट थोडी आणखी घट्ट हवी असा त्याचा ठाम समज होता. घरातले नळ तो असे बंद करी की पुढच्याला पक्कड लागे, आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण तर त्याच्याशिवाय कोणालाच उघडत नसे. त्याने इकडेतिकडे पाहिलं, ओठ आवळले आणि चकतीही आवळली.

तो गेला आणि माणिकताई आल्या. त्यांच्या मते सगळ्या दुखण्यांचं मूळ आवळण्यात होतं. चपलेचा पट्टा असो की सुनेची वेणी, त्या सैल करायला सांगत. "बाई बाई, पोरीनं केवढं आवळून ठेवलंय," पुटपुटत त्यांनी चकती पार उलटी फिरवली, मशीनच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या.

शर्मिष्ठा पडदा सारणार तोच कानाला फोन लावून पूर्वा आली. खुर्चीत बसली आणि मैत्रिणीशी बोलता बोलता चकतीशी चाळा करू लागली. कट् कट् कट् पुढे, कट् कट् कट् मागे. "हाँ यार, घर में सब लोग अजीब हैं..."

"पूर्वा!" शर्मिष्ठा पडद्यातून गरजली.

पूर्वाने अशी किंकाळी फोडली की विनय दाढीचा फेस लावलेल्या तोंडाने धावत आला. "मम्मा! आप तो सब्जी लेने गई थीं!"

मग तिथेच खटला भरला. विनयने मान्य केलं की तो मदत करत होता. माणिकताईंनी मान्य केलं की त्या विनयची मदत निस्तरत होत्या. पूर्वा म्हणाली, "आवाज अच्छा आता है उसका, मैं क्या करूँ?" शेवटी चकतीला कोणीही बोट लावायचं नाही असं ठरलं. शर्मिष्ठाने ती चारवर आणली, तिघांना भिंतीला टेकून उभं केलं आणि शिवण घातली.

शेवया!

"बघ," विनय आणि माणिकताई एका सुरात म्हणाले. दोघांच्याही चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की शर्मिष्ठाचं डोकंच फिरलं. तिने कापड दाबून धरणारा मशीनचा पाय खटकन वर केला आणि कापड हिसकलं. दोरा तुटला, उडाला आणि पार रिळापाशी जाऊन लोंबकळू लागला. दात-ओठ खात तिने तो पुन्हा पहिल्यापासून ओवला. रागाच्या भरात पाय वर राहिला होता, तो शिवताना तेवढा खाली घेतला आणि एक शिवण मारली.

उलटून बघते तर खालून-वरून एकसारखे टाके, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे.

मग तिने पाय खाली ठेवून दोरा ओवून पाहिला: शेवया. पाय वर करून ओवला: ठिपके. तेव्हा कुठे उलगडा झाला. चकतीच्या मागे दोन पत्रे असतात, ते पाय खाली असताना मिटलेले असतात. दोरा त्यांच्यात शिरतच नव्हता, वरून मोकळा धावत होता. मशीन ठेवताना पाय टेकवून ठेवायची आणि तसाच दोरा ओवायची, ही तिचीच सवय. चकती नऊवर असो की शून्यावर, दोऱ्याला तिचा पत्ताच नव्हता!

"चारच म्हणजे माझ्या आठाच्या निम्मं," विनय म्हणाला. "माझी दिशा बरोबर होती."

"मी सैल केलं म्हणून तू चारवर राहिलास," माणिकताई म्हणाल्या.

शर्मिष्ठाने दोघांना खुशाल जिंकू दिलं. तिला पाच नऊवाऱ्या पुऱ्या करायच्या होत्या.

पहिली तयार झाली ती विनयने लगेच चढवली आणि दिवाणखान्यात ठुमकू लागला. तेवढ्यात बेल वाजली आणि त्याने सवयीने दार उघडलं. पार्सलवाल्याने लुगडं पाहिलं, मिशा पाहिल्या, क्षणभर विचार केला आणि अदबीने म्हणाला, "भाभीजी, ओटीपी बता दीजिए."

विनयने पदर सावरून आकडे सांगितले.

पाडव्याला हॉल गच्च भरला होता. खेळ रंगात आले आणि बस फुगडीसाठी हर्षवर्धन सोमण खाली बसला. शर्मिष्ठाने डोळे गच्च मिटले, श्वास रोखला आणि 'टर्र'ची वाट पाहिली. काहीच वाजलं नाही. एक टाका हलला नाही. पण गुडघ्यांपाशी आवळलेल्या त्या पक्क्या शिवणींमुळे सोमणलाही हलता येईना. त्याने एकदा जोर लावला, दोनदा लावला, मग विनय आणि दुसरा एक गडी त्याचे हात धरून ओढू लागले. लोकांना वाटलं, हाही खेळच आहे! टाळ्यांचा कडकडाट झाला, वन्स मोअर आला. सोमणने बसल्या बसल्या टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि बाकीचे चौघे त्याच्याभोवती फेर धरून नाचले. पडदा पडल्यावर त्याला खुर्चीच्या आधाराने उभं केलं.

शर्मिष्ठा ओशाळून आत गेली. सोमण अजून लुगड्यातच होता, पंख्याखाली पाय फाकून बसला होता आणि श्रीखंड खात होता.

"वहिनी," तो अगदी मनापासून म्हणाला, "ही मी ठेवून घेऊ का? इथल्या उन्हाळ्यात घरी घालायला फार हवेशीर आहे."