चाकाखालचं लिंबू

सकाळी अकरा वाजून सात मिनिटं. गुरुजींनी काढून दिलेला माझा मुहूर्त. सगळं सुरू झालं ते तेव्हापासून.

मी पृथ्वीराजची निळी स्पोर्ट्स कार बोलतेय. दोन दारांची, जमिनीला चिकटलेली, पुढे लांब नाक असलेली. राहते धायरीत, त्याच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये. मला आवाज भरपूर दिलाय हो, पण बोलता येत नाही. त्यापायी त्या दिवशी एका लेकराचा जीव जात होता.

मी घरी आले तेव्हा सगळी भावकी जमली होती. पृथ्वीराजचे आजोबा सोनबा काठी टेकत आले, वाकून आत बघितलं आणि म्हणाले, "आरं, ह्यात बसायचं हाय का निजायचं?"

सगळे हसले. मलाही हसू आलं. पण आजोबांनी नेमकं दुखणं धरलं होतं. माझ्यात बसलं की लांबचा रस्ता छान दिसतो, पण माझ्या नाकासमोरची दोन पावलं काही केल्या दिसत नाहीत.

पृथ्वीराजची वहिनी रुपाली. तिने माझ्यावर स्वस्तिक काढलं, हार घातला, औक्षण केलं आणि चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. गाडी त्यांच्यावरून पुढे गेली की दृष्ट लागत नाही म्हणतात. रुपालीची अडीच वर्षांची स्पृहा पदर धरून सगळं टक लावून बघत होती. तिच्यासाठी ते लिंबू कुठलं, तो चेंडू होता.

"पृथ्व्या, व्हिडिओ चालू आहे! आधी आवाज काढ की जरा," त्याचा मित्र केदार मोबाईल धरून ओरडला.

पृथ्वीराजने जागेवरच अॅक्सिलरेटर दाबला. मी गरजले. सगळ्यांचे डोळे मोबाईलकडे. तेवढ्यात स्पृहाने पदर सोडला आणि माझ्या डाव्या चाकापुढे उकिडवी बसून लिंबू ओढायला लागली.

मला कळत होतं हो. तिचे पैंजण माझ्या बंपरला लागत होते. थांब रे बाबा, उतर, एकदा खाली बघ! मी जीव तोडून सांगत होते, आणि माझ्या तोंडून निघत होता नुसता गुरगुराट. तो ऐकून लोक टाळ्या वाजवत होते.

"स्पृहा? अहो, स्पृहा कुठंय?" रुपालीचं ओरडणं माझ्याच आवाजात बुडालं. मग ती वाकली. तिला चाकापाशी गुलाबी फ्रॉक दिसला. पृथ्वीराजने गिअर टाकला होता. रुपालीने हातातलं औक्षणाचं ताट होतं तसं माझ्या बोनेटवर आपटलं. निरांजन, सुपारी, तांदूळ, कुंकू, सगळं काचेवर उडालं.

पृथ्वीराजने ब्रेक दाबला आणि दार उघडून ओरडला, "वहिनी, डोकं फिरलंय का तुझं? आजच आलीय गं ती!"

"मुहूर्तावर ताट फेकलंस? काय म्हणावं ह्या पोरीला!" सासूबाई सरुबाई म्हणाल्या.

 रुपाली गुडघ्यांवर बसून चाकापाशी हात घालत होती. स्पृहा बाहेर आली, मुठीत लिंबू घट्ट. "माझं हाय," म्हणाली.

तिच्यात आणि चाकात वीतभरही जागा राहिली नव्हती.  माझं इंजिन चालूच राहिलं. ते बंद करायचंही कुणाला सुचेना.

ताटाच्या कडेने माझ्या बोनेटवर पोचा पडला. त्या दिवसानंतर त्यावर बोट ठेवून पृथ्वीराज रोज आधी माझ्याभोवती एक फेरी मारायचा, वाकून खाली बघायचा, मगच बसायचा. गेटाबाहेर पडेपर्यंत काच खाली, गाणी बंद. मला मागे घेऊन पार्क करायचा, म्हणजे निघताना तोंड बाहेर. भिंतीपासून हातभर जागा सोडायचा, कारण माझं नाक कुठे संपतं ते आतून कळत नाही. सिंहगड रोडच्या स्पीडब्रेकरवर मला तिरकी, हळू चढवायचा, नाहीतर माझं पोट घासतं. हे सगळं माझ्याबरोबर आलेल्या जाड पुस्तकात आहे. पुस्तक अजून प्लास्टिकमध्येच आहे.

पण ही फेरी टिकली आठ-दहा दिवस. आता तो मोबाईल कानाला लावूनच येतो आणि बसतो. पार्किंगमध्ये पोरं खेळत असली की मुद्दाम आवाज काढतो. पोरं खूश होऊन अजून जवळ येतात. 

उद्या मला गॅरेजला नेणार आहेत. पोचा निघेल, पॉलिश होईल, काही झालंच नव्हतं असं दिसेल. आणि परवा दसरा. पुन्हा हार, पुन्हा चार लिंबं. केदार व्हिडिओ काढायला येणार आहे. स्पृहा कालपासून आईला विचारतेय, "लिंबू कधी?"

रुपाली रात्रंदिवस तिचा हात धरून ठेवील. पण तिला कपडे वाळत घालायचे असतात, दार उघडायचं असतं, दोनच हात आहेत तिला.

मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. धायरीत कुणी ओळखीचं असेल तर पृथ्वीराजला निरोप द्या. म्हणावं, लिंबं ठेव, हार घाल, हवं ते कर, पण आधी प्रत्येक लेकरू कुणाच्या तरी कडेवर दे. मग फेरी मार. मग किल्ली लाव. आणि ओळखीचं कुणी नसेल, तर ज्याच्या दारात नवी गाडी उभी आहे त्याला सांगा. तो पुढच्याला सांगेल.

पण परवाच्या आत सांगा.