एसीच्या पाण्यावरचा मोगरा

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मिहिका दुकानांच्या छपरावर उतरली आणि लगेच एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारायला लागली. ऑगस्टचं ऊन, तव्यासारखं तापलेलं सिमेंट, आणि चपला आत. तरी ती तशीच कढीपत्त्याच्या पिंपापर्यंत पळाली. फांदी धरली, तर ती कट्‌कन हातातच आली.

मोगऱ्याचंही तेच. गवती चहा खराट्यासारखा उभा. अळूच्या डब्यात नुसती भेगाळलेली माती.

"चपला घाल आधी," बाबा खिडकीतून म्हणाले. मग त्यांनी बाग पाहिली, आणि हातातल्या चपला खिडकीच्या कट्ट्यावरच ठेवून दिल्या.

आखातातल्या करामा वस्तीतल्या या पहिल्या मजल्यावर राहायला आल्यावर आईने सगळ्यात आधी एसींचे पाइप या छपरावर वळवले होते. दिवसभर ठिबकणारं पाणी वाया कशाला घालवायचं? त्या पाण्यावर सात वर्षं बाग जगली. दर जुलैत ते तिघं पुण्याला जायचे, दीड महिन्याने परतायचे, तर मोगरा फुललेला असायचा.

फेब्रुवारीत आई गेली, आणि मिहिकाने घर हातात घेतलं. नववीतल्या मुलीकडून कुणी मागितलं नसतं एवढं. कुकर, इस्त्री, शाळेच्या फॉर्मवर बाबांनी कुठे सही करायची तेसुद्धा. पुण्याला निघायच्या दिवशी फ्रिजवरची आईच्या अक्षरातली यादी घेऊन ती घरभर फिरली होती. गॅस बंद. नळ बंद. एसी बंद. मेन स्विच बंद. सगळ्यावर टिक. तेवढ्यात शेजारच्या नूरजहाँ आंटी दारात आल्या होत्या, हात पुढे करून.

"बेटा, चाबी?"

"नो नीड, आंटी. मैंने सब कर दिया." केवढ्या रुबाबात म्हणाली होती ती. आंटींनी तिच्या गालाला हात लावला होता आणि त्या आपल्या घरात गेल्या होत्या.

"एसी बंद, म्हणून पाणी नाही," बाबा म्हणाले. "वॉचमनला सांगायला हवं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही."

"बट बाबा, आईपण एसी बंदच करायची. लिस्टमध्ये आहे."

"मग दरवर्षी कसं जगायचं हे सगळं?"

मिहिका खिडकीकडे वळली. ती आत आली, तर दारात नूरजहाँ आंटी, पुलावाचा डबा घेऊन. गुडघ्यांमुळे आंटी कधी छपरावर उतरल्या नव्हत्या. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि दुपट्टा तोंडाशी धरला.

"भाभी," बाबांनी विचारलं, "सुनेत्रा छुट्टी में पौधों का क्या करती थी? आपको कुछ बोली थी?"

आंटींनी मिहिकाकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ.

"नहीं, भाईसाब. मुझे क्या मालूम."

बाबा छपरावर उतरले आणि वाळका पाला गोळा करायला लागले.

"पहले घर तो ठंडा करो," आंटी पुटपुटल्या आणि हॉलमध्ये गेल्या. हॉलच्या एसीचं बटण कधीचंच तुटलेलं. ते फिरवायला पक्कड लागायची, आणि ती कुठे असते हे घरातल्यांनाच ठाऊक. आंटींनी न बघता पडद्यामागे हात घातला, पक्कड काढली, बटण दोनदा मागेपुढे केलं. एसी धडधडत सुरू झाला.

मिहिका दारात उभी होती.

रिकाम्या घरात एसी चालवायचा, हे बाबांना कधीच पटलं नसतं. म्हणून आईने ते यादीत लिहिलं नव्हतं. जाताना फक्त आंटींना किल्ली द्यायची होती.

आंटींनी मागे वळून पाहिलं. पक्कड होती तिथे ठेवली. पडदा नीट केला.

"आंटी, उस दिन..."

"पुलाव ठंडा हो जाएगा, बेटा."

त्या गेल्या. थोड्या वेळाने बाहेरून बाबांचा आवाज आला.

"मिहू, पाणी यायला लागलं बघ."

त्यांनी मोगऱ्याची कुंडी पाइपाखाली सरकवली होती. शेजारी उकिडवं बसून ते बोटाने माती उकरत होते.

"मीच विसरलो गं," ते मान वर न करता म्हणाले. "येईल ना परत?"

मिहिका खिडकीतून खाली उतरली. चपला कट्ट्यावरच होत्या. ती चालत त्यांच्यापर्यंत गेली आणि उभी राहिली. या वेळी तिने उड्या मारल्या नाहीत.