टर्क्यांच्या पंगतीत यासीन

"टर्क्यांना भरवत असतात तेव्हा पोराला अंगणात सोडू नकोस," असं सासूबाईंनी मला बजावलं होतं. टर्की चोच मारेल म्हणून म्हणत असतील, असं वाटून मी 'हो हो' केलं आणि विसरले.

नाईलच्या पश्चिमेला, आमच्या कुर्ना गावात, मामंजी जुन्या वस्तू नव्याने बनवतात. फराओंच्या थडग्यांत ताईत म्हणून सापडतो तसा दगडाचा शेणकिडा कोरायचा, पोटावर फराओचं नाव घालायचं, कणकेच्या गोळीत लपवून टर्कीला गिळवायचा. दुसऱ्या दिवशी मागून बाहेर पडतो तो तीन हजार वर्षांचा होऊन. मी कॉलेजात इतिहास शिकले, पण इतका भरभर घडणारा इतिहास आम्हाला नव्हता.

त्या सकाळी माझा दीड वर्षाचा यासीन टर्क्यांच्या रांगेत जाऊन बसला आणि पाळी येताच त्याने आ केला. मामंजींना जवळचं दिसत नाही.

"ही शहाणी आहे हो," ते कौतुकाने म्हणाले. "पंखसुद्धा फडफडवले नाहीत."

मी किंचाळले. पोराला उचलून दवाखान्याकडे धावणार, तर पुराणवस्तू खात्याचे रिफअतसाहेब दारातच. रोज सकाळी आमच्याकडे चहाला येतात.

"काय गिळलं?"

"शेणकिडा!"

"खरा की खोटा?"

खोटा म्हटलं तर मामंजींना अटक. "खरा, साहेब," ते घाईने म्हणाले. "कालच सापडला. आज तुम्हाला देणारच होतो."

"मग हे मूल आता सरकारी," साहेबांनी दार अडवलं. "जागेवरून हलवायचं नाही. आणि पोट झाका, उन्हाने रंग उडतो."

"अहो, घशात अडकलं तर जीव जाईल त्याचा!"

"बाई, फराओसुद्धा गेले. वस्तू राहिल्या."

तेवढ्यात माझं डोकं चाललं. "साहेब, तज्ज्ञाशिवाय उत्खनन करता येतं?"

"मुळीच नाही! गुन्हा आहे."

"मग तज्ज्ञाकडेच नेते आहे."

साहेबांनी विचार केला आणि स्वतः पुढे होऊन रस्ता मोकळा करत आमच्याबरोबर आले. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "खाली उतरलाय. अंजीर भरवा आणि वाट बघा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी यासीन हसत उठला. लंगोट साहेबांनी स्वतः, मऊ ब्रशने, उघडला.

"सुभानल्ला! असा अस्सल रंग मी उभ्या नोकरीत पाहिला नाही." शेणकिडा कापसात गुंडाळून ते संग्रहालयाकडे गेले.

सासूबाईंनी नातवाची दृष्ट काढली. मामंजी मात्र चष्मा पुसून पुसून त्याच्याकडे बघत राहिले. "टर्कीला हे जमलं नसतं," एवढंच म्हणाले.

उद्यापासून माझी शाळेतली नोकरी सुरू होते आहे. सासूबाई दुपारी झोपतात. तुम्ही कुर्न्याच्या बाजूला आलात तर एवढं करा: चहाच्या निमित्ताने आमच्या अंगणात डोकवा. टर्क्या रांगेत बसल्या असतील. त्यांत बिनपंखाचं कुणी असेल, तर आधी त्याला उचला, आणि मग मला शाळेत निरोप धाडा.