मांडीचं माप

सकाळच्या यादीत सातव्या क्रमांकावर ते आडनाव दिसलं आणि डॉक्टरबाईंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

वैमानिक व्हायला निघालेल्या मुलामुलींना तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. डोळे, कान, हृदय, कणा, सगळं बघून झालं की शेवटी उमेदवाराला लाकडी बाकावर बसवायचं, कंबर मागच्या फळीला घट्ट टेकवायची आणि फळीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत मांडी मोजायची. लढाऊ विमानासाठी हद्द चौसष्ट सेंटिमीटर. मांडी त्याहून लांब भरली, तर संकटात खुर्चीसकट बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनेलच्या कडेवर आपटतात. चष्मा लागला तर उपाय असतो, वजन वाढलं तर धावता येतं. हाड काही कुणाला तासून देता येत नाही.

तीस वर्षांपूर्वी याच आडनावाचा एक काटकुळा मुलगा याच बाकावर बसला होता. माप आलं चौसष्ट पूर्णांक सहा. तो म्हणाला, "ताई, सहा मिलिमीटर. त्यापायी घरी जाऊ?" ताई तेव्हा नोकरीत नव्या होत्या, आणि ताई म्हटल्यावर पाघळण्याचं त्यांचं वयही होतं. त्यांनी गुडघ्यावरची सरकती पट्टी जरा जोरात दाबली. मांस दबलं, आकडा चौसष्टवर आला. खोटं बोलावंही लागलं नाही, नुसता अंगठा दाबावा लागला.

पुढे त्या मुलाला सगळे उंट म्हणू लागले. उंट अकरा वर्षं लढाऊ विमान उडवत होता. मग एके दिवशी इंजिनात पक्षी शिरला आणि त्याला खुर्चीसकट बाहेर उडी घ्यावी लागली. जीव वाचला, दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरबाईंनी अहवाल वाचला, फाईल मिटली आणि त्याला बघायला इस्पितळात गेल्या नाहीत. याची त्यांना आजही लाज वाटत होती.

आता त्याची मुलगी आली होती. तपासणी शेजारच्या डॉक्टरकडे सोपवता आली असती. पण तेही पुन्हा तोंड लपवणंच झालं असतं, म्हणून त्यांनी यादी स्वतःजवळच ठेवली.

दारावर टकटक झाली. काठी आधी आत आली, मागून उंट. केस पिकले होते, हसू तेच होतं.

"बसू का ताई? उभं राहायची सवय मोडली, आणि मोडण्यासारखं आता फारसं उरलं नाही."

"बस. तू इथे यायला नको होतंस."

"माहीत आहे." तो खुर्चीत अंग सोडून बसला. "लेखी झाली, निवडीचे पाच दिवस झाले. यंत्रावर वैमानिकाची हातोटी जोखतात, ती परीक्षाही झाली, आयुष्यात एकदाच देता येते ती. दोनशेत तिसरी आली पोरगी. पण बापाच्या मांड्या घेऊन जन्माला आलीये. घरी मी मोजली. दोन-तीन मिलिमीटर जास्त आहे."

डॉक्टरबाईंनी यादी उलटी करून ठेवली.

"तुमचा अंगठा अजून शाबूत आहे ना?"

"तुझे गुडघे बघून हे विचारतोस?"

"माझे गुडघे बघूनच विचारतोय. अकरा वर्षं उडालो. ती मला फुकटात पडली असं मी धरतो." त्याने काठीने उजव्या पायाला टोकलं. "आणि गंमत ऐका. ऑपरेशनात हे हाड दोन सेंटिमीटर आखूड झालं. आज मोजाल तर मी नियमात बसतो."

त्या हसल्या नाहीत. "आता बिनमाणसाची विमानं आलीत. पोरगी शिकून तयार होईपर्यंत आत खुर्ची तरी राहील का? कशासाठी एवढा हट्ट?"

"राहील." उंटाचा आवाज बदलला. "हद्दीत परकं विमान घुसलं की कुणीतरी वर जाऊन त्याच्या पंखाला पंख लावून उडावं लागतं. तो बघतो, आत माणूस आहे. आपण बघतो, तिकडेही माणूस आहे. मी दोघांना असं परत धाडलंय, एक गोळी न झाडता. यंत्र असतं तर पाडापाडी झाली असती. म्हणून माणूस लागतो. आणि नव्या विमानांत जागाही ऐसपैस असते, ताई."

"आधी दोन वर्षं शिकायच्या जुन्या विमानात बसायचं असतं. तिथलं पॅनेल तिथेच आहे."

उंट खुर्चीचे हात धरून उठला. "तीन मिलिमीटर, ताई," एवढंच म्हणाला आणि काठी टेकत बाहेर जाऊन बसला.

सातवा क्रमांक पुकारला गेला. मुलगी आत आली ती दार भरून. हनुवटी बापाची, चाल वाऱ्याची. नोंदी ठेवणारा सहायक वही उघडून तयारच होता. आकडा ऐकला की तो आधी मोठ्याने म्हणायचा आणि मगच लिहायचा. कितीही चिडवलं तरी त्याची ती सवय सुटली नव्हती.

"कंबर मागे. अजून मागे. श्वास सोड," डॉक्टरबाई म्हणाल्या. पट्टी गुडघ्याला लागली. "चौसष्ट पूर्णांक तीन."

"चौसष्ट पूर्णांक तीन," सहायक म्हणाला आणि पेन टेकवलं.

मुलगी समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती. दुसऱ्यांदा चौसष्ट पूर्णांक दोन आलं. नियमाप्रमाणे तीनदा मोजून सरासरी काढायची होती. तिसरं माप साडेत्रेसष्ट आलं, तर सरासरी चौसष्टवर आणता येत होती. सहायक वहीत बघत होता. अंगठा पट्टीवर होता. मुलगी हळूच, जेमतेम ऐकू जाईल अशी म्हणाली, "बाबा म्हणाले होते, तुम्ही समजून घेता."

डॉक्टरबाईंनी मुलीच्या गुडघ्याकडे पाहिलं. दोनशेत तिसरी. उद्या ही कधी उडी घेईल, न घेईल. शंभरातल्या नव्व्याण्णवांना घ्यावी लागत नाही. एवढ्या गुणी मुलीचा गळा आपण तीन मिलिमीटरनं कापायचा? अंगठ्याखाली मांस थोडं दबलंही. पट्टीवरचा आकडा हलू लागला.

त्यांनी हात काढून घेतला आणि पट्टी पुन्हा लावली, नुसती टेकेल एवढीच.

"चौसष्ट पूर्णांक तीन."

"चौसष्ट पूर्णांक तीन," सहायक म्हणाला.

"लढाऊ विमानासाठी अपात्र," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मालवाहू आणि हेलिकॉप्टरसाठी पूर्ण पात्र."

मुलगी बाकावरून उठली नाही. "बाबांची किती होती?"

"चौसष्ट पूर्णांक सहा."

"मग त्यांना कसं घेतलं?"

"मी दाबली पट्टी."

"मग माझ्याच वेळी का नाही? त्यांचे गुडघे तर पक्ष्यानं मोडले."

"पक्ष्यानं इंजिन मोडलं. गुडघे मी मोडले." हे वाक्य सतरा वर्षं बोलायचं राहिलं होतं. बाहेर पडल्यावर हलकं वाटेल असा डॉक्टरबाईंचा समज होता. तसं काही वाटलं नाही.

दारात उंट येऊन उभा राहिला होता. मुलीने त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "खरं आहे. तुला घाबरवायचं नव्हतं, म्हणून पक्ष्यावर ढकललं."

सहायकाचं पेन हवेतच थांबलं होतं. चाचरत त्याने विचारलं, "मॅडम, हे... लिहायचं का?"

निवृत्तीला चार महिने उरले होते. नको म्हटलं असतं तर त्याने बिनबोभाट वही मिटली असती.

"लिही. वेगळा कागद घे, खाली मी सही करते."

"मला हे सगळं माहीत असतं, तरी मी दाबा म्हटलं असतं," मुलगी म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. "तुम्हाला काय अधिकार? पाय माझे आहेत."

"पाय तुझे आहेत. पट्टी माझ्या हातात आहे, बाळा."

मुलीने अहवालावर सही केली ती कागद फाटेल इतकी दाबून, आणि बापाच्या शेजारून बाहेर गेली. उंट डॉक्टरबाईंकडे क्षणभर बघत राहिला. रागावला होता की आणखी काही, हे त्यांना कळलं नाही. मग तोही काठी टेकत तिच्यामागे निघाला.

डॉक्टरबाई दारापर्यंत आल्या. पोरगी रागाच्या भरात दोन-दोन पायऱ्या घेत धाडधाड जिना उतरत होती. बाप पहिल्याच पायरीवर कठडा धरून उभा होता. ही आता जन्मभर शिव्या घालणार आपल्याला, डॉक्टरबाईंना वाटलं. घालू दे.