विहिरीवरचा पिवळा झेंडा

“आत्या, आज तुम्ही खालच्या सपाटीवरच्या वळणावर उभ्या राहा. विहिरीवर दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो,” मुख्य पंच म्हणाले आणि लगेच दोन पावलं मागे सरकले. आत्यांना कशाला नको म्हणायचं तर जरा अंतर ठेवूनच म्हणावं, हे मोटारसायकल शर्यतीच्या मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं.

“का? माझे डोळे गेले की हात गेले?”

“तसं नाही हो. आज सूनबाई धावताहेत. घरचं माणूस शर्यतीत म्हटल्यावर...”

“साहेब, शिलाईचा धंदा आहे माझा. घरच्यांचं माप काय वेगळ्या टेपने घेते मी? झेंडा हातात आला की मला सून नाही नि मुलगा नाही. समोरून येईल तो गाडीवाला.”

पंचांनी हात टेकले. आत्या काखेत झेंडे मारून टेकडी चढू लागल्या.

विहीर म्हणजे त्या मार्गावरचं सगळ्यांत अवघड वळण. हे नाव कुणी ठेवलं नव्हतं, आपसूक पडलं होतं. रस्ता टेकडीवर असा उभा चढतो, की वेगात पुढचं चाक हलकं होतं आणि गाडीवाल्याला समोर नुसतं आभाळ दिसतं. माथ्यावर पोहोचला, की पायाखालची जमीनच जाते. रस्ता खाली कोसळत कोसळत डावीकडे वळतो, आणि तळ दिसतो तो आत उडी घेतल्यावरच. या माथ्यावर एक लाकडी चौथरा होता, आणि चौथऱ्यावर आत्या. तिथून त्यांना दोन्ही बाजू दिसायच्या. पिवळा झेंडा हलला, की पुढे कुणीतरी पडलंय, वेग कमी करा, कुणाला मागे टाकू नका. झेंडा नसला, की रस्ता मोकळा. बाकी आभाळाला काय विचारायचं?

हे झेंडेही आत्यांनीच शिवलेले. मैदानाने आणलेले पिवळे दोन उन्हाळ्यांत पांढरे पडले, तेव्हा त्यांनी चांगलं कापड घेऊन, काठाला दुहेरी शिवण घालून नवे केले होते. कुणी नवा झेंडेवाला आला, की आत्या त्याला पहिल्याच दिवशी दम भरत, “टाळ्या वाजवायच्या नाहीत. टाळ्या प्रेक्षकांच्या. आपले हात गाडीवाल्यांचे.” त्यांनी स्वतः या माथ्यावर कधी एक टाळी वाजवली नव्हती.

आणि सून म्हणाल, तर आत्यांनी ती एका वाक्यावर पसंत केली होती. तुला काय काय येतं असं विचारल्यावर मुलगी म्हणाली होती, “कार्ब्युरेटर उघडून साफ करता येतो.” आत्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. मुलाला मात्र माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढवलं तरी घेरी यायची. शर्यतीच्या दिवशी तो घरी घासलेली भांडी पुन्हा घासत बसायचा.

सकाळीच आत्यांनी सुनेच्या चामडी पोशाखाला गुडघ्यावर नवं ठिगळ लावून दिलं होतं. ते चढवताना सून म्हणाली होती, “आई, विहिरीवर तुम्हीच ना? मग मी माथ्यावर गॅस सोडून वेग उतरवणार नाही. झेंडा दिसला तरच सोडीन.”

“मी माझं बघते. तू तुझं बघ,” असं आत्या म्हणाल्या खऱ्या, पण त्यांना आतून गुदगुल्या झाल्या.

शर्यत सुरू झाली. सून आधी चौथी होती, मग तिसरी आणि मग दुसरी. पुढे होता लाल हेल्मेटवाला, गेल्या वर्षीचा विजेता. दर फेरीला चढावर ती त्याच्या मागच्या चाकाला जाऊन भिडे, आणि माथ्यावर तो तिला जागाच देत नसे. आत्यांच्या शेजारी आग विझवायचं नळकांडं घेऊन मैदानावरचा मदतनीस उभा होता, त्याला सगळे भाऊ म्हणत. तो दर वेळी चुकचुकायचा. आत्यांचा चेहरा मात्र दगडाचा.

शेवट जवळ आला तेव्हा सून चढाच्या पायथ्याशीच बाहेरच्या बाजूला निघाली. निम्म्या चढावर ती त्याच्या बरोबरीला आली. आणि माथ्याच्या अलीकडे लाल हेल्मेटचा हात जरा कचरला, हिचा कचरला नाही. तिचं पुढचं चाक हलकेच उचललं गेलं आणि गाडी वाघिणीसारखी पुढे झाली.

“आली! अरे, आली रे माझी पोर!”

“आत्या, कोण पडलंय?” भाऊ ओरडला.

“कोण पडलंय?” आत्यांनी उलट विचारलं.

“मग झेंडा का हलवताय?”

आत्यांनी मान वर करून पाहिलं. त्यांचा उजवा हात आभाळात होता आणि त्या हातात पिवळा झेंडा सपासप नाचत होता. तोवर व्हायचं ते झालं होतं. सुनेने गॅस सोडला होता. पिवळ्याखाली पुढे जायचं नाही, म्हणून ती बाजूला झाली, हात दाखवून तिने लाल हेल्मेटला पुढची जागा परत दिली, आणि सगळी वरात रिकाम्या विहिरीत शहाण्यासारखी हळूहळू उतरली.

वायरलेस खरखरला. “विहीर, काय झालंय?”

“कुत्रं आलं होतं म्हणा,” भाऊ कुजबुजला.

आत्यांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण त्यांनी घसा खाकरला. “काही झालेलं नाही. रस्ता मोकळा आहे. सुनेने गाडी पुढे काढली, मला आनंद झाला, हात उठला. चूक माझी.”

पलीकडे कुणीतरी फस्सकन हसलं.

शेवटच्या फेरीला लाल हेल्मेटवाला चिडून की घाईने, कोण जाणे, फारच वेगात माथ्यावर आला. विहिरीत उतरताना त्याची गाडी निसटली. गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी, आणि तिच्या पलीकडे तो. भाऊ धावला. आत्यांनी झेंडा उचलला. आत्ताच लांडगा आला रे आला करून झालं होतं. आता खऱ्या लांडग्याला कोण भिणार?

चढावर सगळ्यांत पुढे सून होती. इंजिनचा आवाज चढतच होता. आत्या दोन्ही हातांनी झेंडा हलवत होत्या आणि मोठमोठ्याने म्हणत होत्या, “ऐक पोरी, या वेळी खरंच ऐक!”

आवाज पडला. सून गाडीवर ताठ बसली आणि तिने मागच्यांसाठी हात वर केला. तिच्यामागे सगळ्यांचे वेग उतरले. गाड्या एकामागून एक, मुंग्यांच्या रांगेसारख्या, पडलेल्याला वळसा घालून गेल्या. तो उठून बसला आणि आधी आपल्या फाटलेल्या हातमोज्याला शिव्या देऊ लागला, तेव्हा आत्यांचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या सरळ रस्त्यावर एकाने सुनेला मागे टाकलं. ती दुसरी आली. चषक घेऊन टेकडी चढून आली, ती हसून हसून वाकली होती. “आई, मला बघून झेंडा? खाली सगळे तुमचंच बोलताहेत!”

मागोमाग पंचही धापा टाकत आले. “जाऊ द्या हो आत्या. इतक्या वर्षांत एकदा. विहीर तुमचीच.”

आत्यांनी झेंड्याची नीट घडी घातली आणि ती भाऊच्या हातात दिली. “आता याची.”

“आई, असं काय करता?” सुनेचं हसू थांबलं. “चुकलात एकदा. मी तर दोन्ही वेळा थांबले ना?”

“म्हणूनच,” आत्या म्हणाल्या. “तू डोळे मिटून माझं ऐकतेस. आणि तुला बघितलं की माझ्या हातात काय आहे ते मला कळत नाही.” त्यांचे डोळे भरून आले, आणि तरी हसूही येत होतं. मग त्या चौथऱ्यावरून खाली उतरल्या.

पुढच्या शर्यतीला आत्या विहिरीच्या काठच्या गवतावर बसल्या होत्या. चौथऱ्यावर भाऊ, दगडाचा चेहरा करून. आत्यांना उगीचच उजवा हात ओका ओका वाटत होता. शेजारी चक्क मुलगा बसला होता, डोळ्यांवर दोन्ही हात घेऊन.

“आई, आली का? गेली का?”

“गप. आली की सांगते.”

चढावरून आवाज आला. माथ्यावर आधी नुसतं आभाळ होतं, मग त्यात ते ठिगळ लावलेलं गुडघ्याचं चामडं दिसलं. आत्या उठून उभ्या राहिल्या. पहिली टाळी हुकली, तळव्यावर तळवा बसलाच नाही. दुसरी वाजली. गाडी विहिरीत उतरून दिसेनाशी झाली, तरी आत्या टाळ्या वाजवतच होत्या.