एका गाडीपुरता पत्ता

सकाळी लाईट गेली, परत आली, आणि सर्व्हर उठला तो वजनाच्या नोंदींच्या डेटाबेसचा पत्ता विसरूनच. साखर कारखान्याच्या वजनकाट्यापुढं उसाच्या बैलगाड्या खोळंबल्या. बैल जागच्या जागी पाय बदलत होते. आत काट्याच्या खोलीत नोंदी करणाऱ्या दिपालीचंही तेच चाललं होतं.

"मागच्या आठवड्यात पत्त्याचा तो व्हेरिएबल फाइलीत लिहिला होता की रे," ती फोनवर म्हणाली.

सर्व्हर सांभाळणारा डॅनी केडगावहून बोलत होता. "लिहिलात ताई, पण तुमच्या लॉगिनच्या फाइलीत. काट्याचा प्रोग्राम दुसऱ्या लॉगिननं चालतो. आवतण दिलं पाहुण्याला आन् घराचा पत्ता सांगितला नवऱ्याला. त्या दिवशी प्रोग्राम तुम्ही हातानं सुरू केलात, म्हणून आजवर निभावलं."

"मग आता?"

"काट्याच्या लॉगिनच्या फाइलीत ओळ घाला आणि सर्व्हर बंद करून चालू करा. अर्धा तास धरा."

जाळीशी एक ऊसतोड बाई येऊन उभी राहिली. सत्यशीला. तिनं पदर छातीशी घट्ट ओढून धरला होता, तरी ओल वर आली होती.

"ताई, लेकरू तीन महिन्याचं हाय. तळावरच्या कोपीत नवरा तापानं पडलाय, त्येच्यापाशी ठिवून आले. उजाडायच्या आधी पाजलंय. बैल दुसऱ्याच्या हाताला उभं ऱ्हात न्हाईत, न्हाईतर चालत गेले असते."

दिपालीनं घड्याळ पाहिलं. साडेदहा. "डॅनी, एका गाडीपुरतं जमेल?"

"काळ्या पडद्यावर पत्ता टाइप करा, तिथूनच प्रोग्राम सुरू करा. पडदा मिटला की विसरला. पण सगळ्या गाड्या तशा घेऊ नका. मध्येच बंद पडला तर निम्म्या नोंदी बुडतील."

रांगेत पहिला नंबर पुंजारामाच्या गाडीचा होता. दिपाली जाळीतून काही बोलायच्या आत तोच खेकसला, "ऐकलंय सगळं. कान हायेत मला." आणि त्यानं बैल मागं रेटले. "काढ गं बाजूनं. लेकराचं तोंडानं सांगायचं तरी आधी."

दिपालीनं पत्ता टाइप केला. एक अक्षर चुकलं, खोडलं, पुन्हा केलं. आकडे उमटले. भरल्या गाडीचं वजन झालं. गाडी रिकामी होऊन परत काट्यावर येईस्तोवर तिनं कळफलकाला बोट लावलं नाही, पंखासुद्धा बंद ठेवला. उगाच लाईटवर भार नको.

रिकामं वजन उमटलं. सत्यशीलानं चिठ्ठी चोळीत खोचली आणि गाडीत उभ्या उभ्याच कासरा सैल सोडला. बैल पळत सुटले. धुरळ्यात तिचा पदर तेवढा फडफडत लांब गेला.

"आता माझी?" पुंजारामानं विचारलं.

"आता सर्व्हर बंद होणार, मामा. अर्धा तास."

"व्हय का?" तो गाडीच्या सावलीला टेकला, तंबाखू मळू लागला. "सावकाश हुं दे."

दिपालीनं काट्याच्या लॉगिनची फाइल उघडली.