शिडाला दिलेलं ऊन

तलावाचं पाणी आटलं की होडी जळकोटला आमच्या गोठ्यात येते आणि म्हशीशेजारी पालथी पडते. गावाला हा दरवर्षीचा तमाशा. एवढीशी होडी, तीही शिडाची, तीही सुनेची. नौदलातून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांनी ती मला दिली, एवढं सांगूनही लोकांचं हसू थांबत नाही.

यंदा नुसती हौस नव्हती. आषाढात हैदराबादला शर्यत होती आणि त्यात वरच्या नंबरात आले तर तिथंच शिडाची होडी चालवायला शिकवायची नोकरी मिळणार होती. मी हट्टानं कामाला लागले. बुडाचं शेवाळ खरवडलं, चिरा बुजवल्या, पॉलिश पेपर घासून बोटांची सालं काढली. तेवढ्यात माहेरी, कळंबला, वडिलांचं ऑपरेशन निघालं. निघताना शीड पिशवीत घालून नवऱ्याला, बसवराजला, माळ्यावर ठेवायला लावलं. त्याला बजावलंही, कापड जुनं आहे, अंधारातच राहू द्या, उन्हानं ते विरतं.

महिन्यानं परत आले. होडी अंगणात ओढून सरळ केली, डोलकाठी उभी केली, शीड चढवून दोरी ताणली. ते टरकन फाटलं. दुसरीकडं हात लावला, तिथंही फाटलं. नवं शिवून येईपर्यंत शर्यत उरकली असती.

सासूबाई धावत आल्या. माळ्यावरून कुरडयांची चादर काढताना त्यांना ती पिशवी दिसली होती. ज्वारी असो की गोधड्या, आमच्याकडं उन्हाळ्यात सगळ्याला ऊन देतात, म्हणजे कीड लागत नाही. शीडही त्यांनी रोज सकाळी गच्चीवर पसरलं होतं.

"लई जपलं गं म्या. एक कुरडईबी त्याच्यावर वाळू दिली न्हाय," म्हणून त्या रडायला लागल्या. त्यांच्यावर काय रागवायचं?

पण उन्हाळाभर गच्चीवर झोपतो बसवराज. तो म्हशीला वैरण टाकत होता. मी विचारलं, तुम्हाला दिसलं नाही का?

"दिसलं की."

"मग आईंना का सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू हैदराबादला गेली असतीस."

आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. माझ्या अंगाची आग झाली. त्यानं हात झटकले आणि समजूत काढल्यासारखा म्हणाला, "वल्ही हायत की. तळं भरलं की संध्याकाळी दोघं फिरून येत जाऊ."

मी खूश होईन, असं त्याला खरंच वाटत होतं.